टोपणाचा रंग कुठला?

मधुमेहाबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांचं हे सदर. या वेळी फोनवरून आणि व्हिडिओवरून घेतल्या जाणाऱ्या सल्ल्याबद्दलची पत्रं निवडली आहेत. उत्तरं देणाऱ्या डॉक्टर अंबाजोगाईत मधुमेहाचे रुग्ण पाहतात.

प्रश्न : आई-वडील ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेलेत. मी आजीपाशी राहून बारावी करते. पप्पांना सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन आहे, बाटलीतलं, दुधासारखं दिसणारं. इथं असताना साखर बरी होती. तिकडं गेल्यापासून तीनशेच्या खाली येत नाही. डॉक्टर फोनवर डोस वाढवतात, तरी फरक नाही. ते म्हणतात खाण्यात गडबड असणार. पप्पा म्हणतात, मी चहासुद्धा बिनसाखरेचा पितो. इथून नेलेल्या सुया संपल्यात, आता तिकडच्या मेडिकलमधून घेतात. इन्सुलिनवाल्या पेशंटला फोनवरचा इलाज चालत नाही का?
— एक विद्यार्थिनी, धारूर तालुका

उत्तर : चालतो. पण फोनवर जे विचारलं जातं तेवढंच कळतं, आणि खाण्याबद्दल विचारणं सगळ्यात सोपं असतं. तू सुयांचं वाक्य शेवटी सहज लिहिलंस. माझी नजर तिथंच अडकली. आज पप्पांना फोन लाव आणि आधी एकच गोष्ट विचार : सुईच्या टोपणाचा रंग कुठला?

आपल्याकडं बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा ४० ताकदीचं असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. त्यासाठीची सिरिंज लाल टोपणाची. इन्सुलिन टोचायच्या पेनच्या कार्ट्रिजमधलं, म्हणजे त्यात बसणाऱ्या औषधाच्या नळीतलं, इन्सुलिन १०० ताकदीचं असतं आणि १०० ची सिरिंज नारिंगी टोपणाची. दोन्ही सिरिंजा मेडिकलवाल्याच्या एकाच डब्यात पडलेल्या असतात. ‘इन्सुलिनची सुई द्या’ म्हटलं की हाताला येईल ती मिळते. आता हिशोब कर. डॉक्टरांनी २० युनिट सांगितले. पप्पांनी ४० च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत औषध भरलं. अंगात गेले फक्त ८. पुढं डॉक्टरांनी ३० सांगितले तरी गेले १२. अशा वेळी माणूस चहात साखर घालत नसला तरी साखर चढणारच, आणि फोनच्या दोन्ही टोकांना एकमेकांवर संशय.

टोपण नारिंगी निघालं, तर आता नीट वाच. लाल सिरिंज आणून वाढवलेला डोस लगेच टोचायचा नाही. आतापर्यंत १२ युनिट घेणाऱ्या शरीरात एकदम ३० गेले तर साखर धाडकन खाली येईल, आणि तेही फडात, हातात कोयता असताना. आधी तुमच्या डॉक्टरांना फोन करून सिरिंजचं सांगा, नवा डोस त्यांच्याकडून घ्या, मगच सिरिंज बदला. हे सगळं एकाच दिवशी उरकायचं. डोस मी इथं लिहिणार नाही, तो त्यांनीच ठरवायचा. याच्या उलटंही होतं आणि ते जास्त धोक्याचं : कुणी पेनच्या कार्ट्रिजमधलं औषध लाल सिरिंजनं ओढलं, तर २० च्या रेघेला ५० युनिट जातात.

टोपण लालच असेल, तर पप्पांना सांग की पुढच्या वेळी डॉक्टरांशी नुसतं बोलू नका, टोचताना दाखवा. कोपीतून व्हिडिओ टिकत नसेल तर आईनं मिनिटभराचं चित्रीकरण करून रेंज येईल तिथून पाठवावं. डॉक्टरांना त्यात काय दिसेल ते सांगते. दुधाळ इन्सुलिनमध्ये बहुधा दोन प्रकारचं औषध मिसळलेलं असतं, त्यातलं एक तळाशी बसतं. बाटली दोन्ही तळहातांत हलकेच दहा-वीस वेळा गोल फिरवावी लागते. न फिरवता वरचं वरचं ओढलं की आज एक डोस, उद्या दुसराच. मग टोचायची जागा. उजव्या हाताला सोयीची म्हणून पोटाची एकच बाजू, त्यातही रुपयाएवढी एकच जागा बरेचजण वापरतात. तिथं मऊ गाठ होते, टोचलेलं दुखत नाही म्हणून तीच आवडायला लागते आणि गाठीतून औषध नीट शोषलं जात नाही. पप्पांना पोटावरून सपाट बोटं फिरवायला सांग. गाठ लागली तर डॉक्टरांना सांगूनच जागा बदलायची, कारण चांगल्या जागी तोच डोस जास्त लागू पडतो.

आणि बाटली ठेवतात कुठं? कोपीत फ्रीज नसतो. पत्र्याच्या पेटीत किंवा चुलीजवळच्या पिशवीत ठेवलेलं इन्सुलिन उन्हाळ्याकडं जाताना खराब होतं. वापरातली बाटली तीसच्या खालच्या तापमानात साधारण चार आठवडे टिकते; बाटली उघडली ती तारीख तिच्यावर पेनानं लिहावी. मातीचं लहान मडकं, त्याच्याभोवती ओली वाळू, ती वाळू धरायला बाहेर मोठं मडकं, वर ओलं फडकं. बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवायची. वाळू ओली ठेवण्याचं काम आईवर पडणार हे मला ठाऊक आहे. पप्पांनीच करावं, बाटली त्यांची आहे.

शेवटचं वेळेचं. पहाटे अंधारात फडावर जाणारा माणूस टोचून निघतो आणि न्याहारी दोन तासांनी, मोळ्या बांधून झाल्यावर करतो. हे इन्सुलिन घेतल्यावर साधारण अर्ध्या तासात जेवण पोटात गेलं पाहिजे. गाडी भरायला रात्री-अपरात्री उठावं लागतं, तेही डॉक्टरांना सांगितलेलं बरं. इथं घरी असतानाचं वेळापत्रक तिकडं चालत नाही आणि ते डॉक्टरांना आपोआप कळत नाही. हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढं अंधारी आली तर तीन चहाचे चमचे साखर, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, सत्तरच्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच. साखरेची पुडी धोतराच्या कनवटीला किंवा पँटच्या खिशात हवी. उसाच्या फडात साखर कमी होऊन माणूस पडतो हे ऐकायला विचित्र वाटतं. पण तेव्हा कांडं सोलून चावत बसायला वेळ नसतो.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. मुलीच्या आग्रहाने पुण्यातील एका डॉक्टरांचा व्हिडिओ सल्ला घेतो. ते सौजन्याने बोलतात, रिपोर्ट पाहतात, गोळ्या लिहून देतात. परंतु नाडीला हात न लावता दिलेले औषध कायदेशीर आहे काय? आणि पुरेसे आहे काय?
— एक ज्येष्ठ वाचक, उदगीर

उत्तर : गुरुजी, कायदेशीर आहे. देशातल्या टेलिमेडिसिनचे नियम २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, लागू झाले. डॉक्टर भारतात नोंदणी झालेले हवेत, चिठ्ठीवर त्यांचा नोंदणी क्रमांक हवा, आणि फोनवर निर्णय घेणं योग्य नाही असं वाटलं तर ‘प्रत्यक्ष या’ म्हणायची मुभा त्यांना आहे. तशी मुभा तुम्हालाही आहे, हे लोक विसरतात. त्याच डॉक्टरांनी त्याच आजारासाठी गेल्या सहा महिन्यांत तुम्हाला समोर बसवून तपासलं असेल, तर पुढचा कॉल ‘फॉलोअप’ धरला जातो. त्याहून जास्त काळ लोटला, की नियमांच्या नजरेत तुम्ही पुन्हा नवे पेशंट.

पुरेसं आहे का, याचं उत्तर वर्षातून एकदा द्यावं लागतं. त्या एका दिवशी डोळ्याच्या पडद्याची तपासणी बाहुली मोठी करून किंवा पडद्याच्या खास कॅमेऱ्यानं, लघवीतली प्रथिनं, मूत्रपिंडांसाठी रक्तातलं क्रिएटिनिन, चरबीची तपासणी, बसून आणि उभं राहून रक्तदाब, पायांच्या नाड्या. एवढं प्रत्यक्ष झालं असेल तर मधले कॉल कामाचे. तिमाहीला एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करून तो रिपोर्ट हातात घेऊनच बोला. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढं डोळे मोठे करून ‘पडदा दिसतोय का बघा’ म्हणणारे पेशंट मला भेटतात. पडदा असा दिसत नाही. पण तो दुरून वाचता येतो, हेही तितकंच खरं. तमिळनाडूतल्या चुनामपेट भागात ४२ गावांसाठी असा प्रकल्प झाला : पडद्याचा कॅमेरा बसवलेली गाडी गावोगाव जायची आणि फोटो इस्रोच्या उपग्रहामार्फत चेन्नईच्या तज्ज्ञांकडं पोचायचे. डोळ्यांची टेलिमेडिसिन म्हणायची तर ती अशी. गावात यंत्र आणि माणूस लागतोच.

पायांची एक तपासणी मात्र तुम्ही घरी करू शकता, डॉक्टरांना व्हिडिओवर दाखवूनही. तुम्ही पाय पसरून डोळे मिटा. काकूंनी तर्जनीनं तुमच्या अंगठ्याच्या टोकाला अगदी हलकेच, सेकंद-दोन सेकंद स्पर्श करायचा; दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. स्पर्श कळला की तुम्ही ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणायचं. अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, दोन्ही पायांची मिळून सहा ठिकाणं. ‘कळलं का?’ असं काकूंनी विचारायचं नाही. विचारलं की माणूस हो म्हणतो. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर पायांच्या तपासणीसाठी प्रत्यक्ष जा आणि तोवर अंगणातसुद्धा अनवाणी फिरू नका. इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी ही चाचणी बसवली. खर्च शून्य, त्यामुळं तिची जाहिरात कुणी करत नाही.

प्रश्न : मी न्यू जर्सीत, आई लातूरला एकटी. वय ७१, गोळ्यांवर आहे. तिच्या दंडाला सेन्सर लावून घेतलाय, तिची साखर मला इथे फोनवर दिसते. पण रात्री (तिच्या) दोन-तीनला ६० दाखवतं, मी घाबरून शेजाऱ्यांना उठवतो, ते जाऊन बघतात तर आई ठणठणीत. आता ती म्हणते, हे काढ नाहीतर फोनच बंद ठेवते. डॉक्टरांच्या व्हिडिओ कॉललाही मीच जास्त बोलतो, कारण ती काही सांगतच नाही.
— एक वाचक, एडिसन

उत्तर : आई कुठल्या कुशीवर झोपते ते विचारा. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही. कातडीखालच्या द्रवातली मोजतो आणि रक्ताच्या काही मिनिटं मागं असतो. दंडावर भार देऊन झोपलं की तिथला प्रवाह दबतो आणि आकडा खोटाच खाली जातो. कूस बदलली की आपोआप वर येतो. आलेखात असा रात्रीचा सरळ खड्डा आणि लगेच तशीच सरळ चढण दिसत असेल तर बहुधा हेच. सेन्सर दुसऱ्या दंडाला लावून बघा, आणि कमी आकडा दिसेल तेव्हा बोटावरच्या थेंबानं खात्री करायची असं ठरवा. पण हे गृहीत धरून सोडूनही देऊ नका. आईच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड किंवा त्या जातीची गोळी आहे का ते चिठ्ठीत बघा. असेल, तर रात्रीची साखर खरोखरच उतरू शकते. या वयात डॉक्टर उद्दिष्ट जरा सैल ठेवतात, म्हणून गोळी कमी करण्याबद्दल त्यांच्याशी बोला.

आता तुम्हाला न आवडणारं. पेशंट आई आहे. पुढच्या कॉलला पहिली पाच मिनिटं तुम्ही तुमचा आवाज बंद ठेवा. ती सुरुवातीला ‘बरंय की’ म्हणेल आणि थांबेल. थांबू द्या. डॉक्टर हुशार असतील तर तेही थांबतील. माझ्याकडं अशा शांततेनंतर बायका खरं बोलतात : गोळी महाग म्हणून एकाआड एक घेते, एकटीसाठी काय भाजी करायची म्हणून चहा-खारीवर रात्र काढते. मुलापुढं यातलं काही निघत नाही. तुम्ही रोज फोन करून ‘आई, एकला २१० कसं झालं, काय खाल्लंस?’ विचारत असाल, तर ती सेन्सर काढायला का निघाली ते समजण्यासारखं आहे. आकडे बघायची तिची स्वतःची इच्छा असेल तर तिच्याच फोनवर दिसू द्या, मोठ्या अक्षरात. वरणभात खाऊन किती होतं आणि अर्ध्या भाकरीबरोबर भाजी-उसळ जास्त घेऊन किती, हे तिनं एक-दोनदा स्वतः पाहिलं की पुष्कळ झालं. चोवीस तास पहारा तिला नको आहे. गोळ्यांवरच्या बहुतेकांना त्याची गरजही नसते.

प्रश्न : एका अ‍ॅपवर ‘तीन महिन्यांत डायबिटीस रिव्हर्स’चं पॅकेज आहे. रोज व्हॉट्सअ‍ॅपवर कोच बोलतो. पैसे भरायच्या आधी तुम्हाला विचारते.
— एक गृहिणी, परभणी

उत्तर : भरायच्या आधी विचारलंत, छान. कोचला तीन प्रश्न टाका : गोळ्या कमी करायचा निर्णय कोण घेणार, त्या डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक काय, आणि रात्री साखर घसरली तर फोन कोण उचलणार? उत्तराऐवजी सवलतीचा मेसेज आला तर समजून जा. औषधाविना साखर आटोक्यात येणं हे थोतांड नाही. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत कडक कमी उष्मांकाच्या आहारानं वजन उतरवून जवळजवळ निम्म्या लोकांना वर्षाअखेर ते जमलं. पण ते सगळे सहा वर्षांच्या आतले मधुमेही, इन्सुलिनवर नसलेले, आणि त्यांच्या मागं त्यांचा नेहमीचा दवाखाना उभा होता. शिवाय वजन परत आलं की साखरही परत येते.

प्रश्न : मी आशा आहे. आमच्या उपकेंद्रात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या व्हिडिओ-सल्ल्याच्या सेवेवर, डॉक्टरांना जोडून देतात. डॉक्टर दोन-तीन मिनिटं बोलतात, गोळ्या सांगतात, झालं. बाहेर आल्यावर पेशंट मलाच विचारतो, ‘काय म्हणले?’ हे शिकवायचं काम माझं का डॉक्टरांचं?
— एक आशाताई, माजलगाव तालुका

उत्तर : ताई, काम डॉक्टरांचं, पण तुमच्याशिवाय होत नाही. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी अभ्यासानं भारतात १० कोटींवर मधुमेही असल्याचं सांगितलं. एवढ्यांना शिकवत बसतील एवढे डॉक्टर कुठल्याच राज्यात नाहीत. अमेरिकेतसुद्धा न्यूयॉर्क राज्यात २००० साली ‘आयडियाटेल’ नावाचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा १,६६५ वृद्ध मधुमेहींपैकी निम्म्यांच्या घरी व्हिडिओची यंत्रं बसवली आणि पडद्यावर बोलायला बसवल्या त्या नर्सेस, तज्ज्ञ मागं. साखर थोडीच सुधारली, पण ती सुधारणा पाच वर्षं टिकली. म्हणजे तुमचा प्रश्न जुना आहे. (शिकवणाऱ्या माणसाला मानधन किती द्यायचं हा प्रश्न त्याहून जुना. त्याचं उत्तर या सदरात मावणार नाही.)

दोन-तीन मिनिटं लांबवणं तुमच्या हातात नाही, भरणं आहे. पेशंटला सांगून ठेवा की येताना गोळ्यांची रिकामी पाकिटं आणायची, नावं सांगायची नाहीत. ‘ती गुलाबी गोळी’ यात डॉक्टरांचं पहिलं मिनिट जातं. मीटर असेल तर तो आणायचा, वही एकटी नको. वहीत ११०, ११५, १२० अशी शिस्तीची रांग असते; मीटरचं मेमरीचं बटण दाबलं की २४० निघतात. त्यावरून रागावू नका. चांगला आकडा लिहिला की डॉक्टर खूश होतात, हे त्याला आपल्यापैकीच कुणीतरी शिकवलेलं असतं. कॉलच्या आधी वजन, रक्तदाब आणि पायताण काढून दोन्ही तळवे बघून ठेवा. बोटांच्या बेचक्यातसुद्धा बघा, चिखल्या तिथं असतात.

कॉल चालू असताना शेजारी थांबा, आणि संपल्यावर पेशंटला म्हणा, ‘आता मला सांगा, घरी जाऊन काय करणार?’ ‘समजलं का?’ असं विचारू नका, त्याला सगळेच मान हलवतात. त्याच्या तोंडून चुकीचं आलं तर लगेच दुरुस्त करता येतं, डॉक्टर अजून लायनीवर असतील तर उत्तमच. एका कॉलला एकच गोष्ट शिकवायची. आषाढी जवळ आली असेल तर ती एकादशीच. उपाशी राहणार असेल तर ग्लिमेपिराइडची गोळी त्या दिवशी घ्यायची का, किती, हा प्रश्न डॉक्टरांना तुम्हीच आधी विचारा. पेशंट विचारत नाही; डॉक्टर उपासाला नको म्हणतील अशी त्याला भीती असते. आणि फराळाला साबुदाण्याची खिचडी म्हणजे निव्वळ पिठूळपणा, वर बटाटा. भगर थोडी, शेंगदाण्याची आमटी, ताक, काकडी असं सांगितलं तर ऐकतात. ‘भाकरी चालते ना?’ या प्रश्नाचं उत्तर हो म्हणून सोडू नका. ज्वारीची भाकरी पोळीपेक्षा बरी म्हणून तीन भाकरी खाणारे आपल्या भागात घरोघरी आहेत. त्याला जेवायला बसल्यावर ताटाचा फोटो काढायला सांगा आणि तोच डॉक्टरांना दाखवा. बिनसाखरेच्या चहात गूळ असतो, तोही मग फोटोत येतो.

प्रश्न : रात्री मीटरवर चारशे दिसलं तर डॉक्टरांना फोन करावा की सरळ दवाखाना गाठावा?
— एक वाचक, केज

उत्तर : आधी हात साबणानं धुऊन, कोरडे पुसून दुसऱ्या बोटावर पुन्हा तपासा. आंबा किंवा पेढा हाताळलेल्या बोटावरचा थेंब फसवतो. पट्टीची मुदत बघा, आणि पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं होतं का तेही. तरीही चारशे, पण माणूस शुद्धीवर, वांती नाही, पाणी पितोय, तर डॉक्टरांना फोन चालेल. त्यांचा लागला नाही तर १०४ वर सल्ला मिळतो. वांत्या, पोटात दुखणं, जोरजोरात श्वास, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, यातलं एक जरी असलं तर फोन फक्त १०८ ला करायचा. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या माणसानं ‘जेवलोच नाही’ म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद ठेवायचं नाही. उलट्या होताहेत म्हणून तर नाहीच. निघताना इन्सुलिनची बाटली, सिरिंज आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घ्या, कारण कॅज्युअल्टीतले डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतात.